मदत हवी आहे : सुट्या भागांचा चॅटबॉट, आणि तो मुलांना शिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. गेल्या पावसाळ्यात पायथनमध्ये टेलिग्राम बॉटचा सांगाडा लिहिला. गाभा लहान, निरोप घ्यायचा आणि योग्य भागाकडे धाडायचा, एवढंच त्याचं काम. खोल्यांचं बुकिंग, किल्ल्याच्या होडीची चौकशी, हापूसच्या पेट्या, प्रत्येकाची फाइल वेगळी. फोल्डरात टाकली की भाग सुरू, काढली की बंद.

अडचण अशी की एकाच निरोपावर दोन भाग हक्क सांगतात. पाहुण्याने ‘उद्या दोन’ लिहिलं, तर खोल्या की पेट्या? चालू संवादाची नोंद गाभ्याने ठेवावी, की त्या त्या भागाने? माझा कल गाभ्याकडे आहे, पण मग प्रत्येक नव्या भागासाठी गाभा उघडावा लागेल अशी भीती वाटते.

दुसरं शिकवण्याचं. रविवारी गावातली आठ मुलं येतात. मागचा अख्खा वर्ग एका बटणात गेला. बटणासोबतचा कॉलबॅक डेटा, म्हणजे बटण दाबलं की बॉटकडे परत येणारा मजकूर, 64 बाइटपुरताच असतो, आणि यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेतं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं! आता बटणावर मराठी आणि आत आकडी संकेत ठेवतो.

मुलांना आधी तयार गाभा देऊन एकच भाग लिहायला लावू, की गाभाच त्यांच्याकडून घडवून घेऊ? तयार दिला तर कामाला लगेच लागतात, पण निरोप कुठून कुठे जातो ते कळत नाही. कोणी असं शिकवलं असेल तर पहिले दोन-तीन वर्ग कसे घेतलेत, ते कृपया सविस्तर सांगा.