'अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर'ला मराठीत काय म्हणावं?

भाचा न्यू जर्सीत असतो. तिथल्या एका खासगी कंपनीत पैसे गुंतवण्यासाठी त्याला 'अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर' ठरायचं आहे आणि त्याची बहुतेक पुंजी बिटकॉइनमध्ये आहे. बहिणीला हे सांगताना मी 'मान्यताप्राप्त गुंतवणूकदार' म्हटलं. तिने विचारलं, "मान्यता कोण देतं?" मला उत्तर देता आलं नाही. नेमका शब्द कोणता?

---

ताई, तुमच्या बहिणीने मर्मावरच बोट ठेवलंय. अमेरिकेत ही मान्यता कोणीही देत नाही. नियमात निकष आहेत. त्यांत बसलात की झालात. राहतं घर सोडून, देणी वजा जाता १० लाख डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता हवी. किंवा मागच्या दोन्ही वर्षी २ लाख डॉलरहून जास्त उत्पन्न हवं (जोडीदार धरून ३ लाख) आणि यंदाही तेवढं होईल अशी रास्त अपेक्षा हवी. म्हणून तिथल्यासाठी मी 'निकषपात्र गुंतवणूकदार' म्हणेन.

'अधिस्वीकृत' हा शब्द आपल्याकडे पत्रकारांमुळे रुळला आहे, पण त्यात शासन हातात पत्रिका देतं. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२१ मध्ये आणलेल्या व्यवस्थेत तसं प्रमाणपत्र खरोखर मिळतं, तेव्हा भारतातल्या गुंतवणूकदाराला 'अधिस्वीकृत' अगदी चपखल बसतो. एकाच इंग्रजी शब्दाला दोन देशांत दोन मराठी शब्द लागले तर लागू देत.

भाच्याच्या बाबतीत 'उत्पन्न' आणि 'मालमत्ता' यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. बिटकॉइन मालमत्तेत आजच्या बाजारभावाने धरता येतं; त्याच्यावर कर्ज काढलं असेल तर ते वजा करायचं. पण नुसता भाव वाढला म्हणजे उत्पन्न झालं असं नाही. तो कागदावरचा नफा. विकल्यावर जो नफा हाती येतो, तो उत्पन्नात जातो.

---

मग बिटकॉइनसारख्या क्रिप्टोकरन्सीला 'कूटचलन' म्हणावं का? मला त्यातलं 'चलन' खटकतं. अमेरिकेच्या करखात्याने २०१४ मध्येच याला चलन न मानता मालमत्ता मानलंय. आपल्या आयकर कायद्यातही २०२२ पासून 'आभासी डिजिटल मालमत्ता' असाच प्रकार आहे. बोलताना सरळ 'क्रिप्टो' म्हणावं.

---

आणि 'होल्डिंग'? जमीनधारणा चालते म्हणून 'क्रिप्टोधारणा' करायचा मोह होतो, पण ऐकणाऱ्याला ती क्रिप्टोबद्दलची समजूत वाटेल. 'जवळची क्रिप्टो' पुरे. 'जवळची' हे सिद्ध करणं मात्र वेगळं काम आहे. वॉलेटच्या, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटाच्या, पत्त्यावर किती नाणी आहेत ते कोणालाही दिसतं, ती कोणाची ते दिसत नाही. जाहिरात करून गुंतवणूक मागणाऱ्या कंपनीला गुंतवणूकदार निकषांत बसतो का याची पडताळणी करावी लागते, तिथे सनदी लेखापालाचं किंवा वकिलाचं पत्र चालतं. भाच्याने भाव चढलेला असताना कागद केले असतील, तर तारीख बघून घ्यायला सांगा. कंपनी गुंतवणूक विकते त्या वेळी निकष पुरा व्हावा लागतो.