बेसबॉलच्या हाय-ए (मायनर लीग, म्हणजे मोठ्या लीगखालच्या लीगमधली एक पायरी) मधला पिचर (चेंडू टाकणारा): वेग आहे, पण स्ट्राइक पडत नाहीत. काय तपासावं?

प्रश्न: उजवा_फास्टबॉल

उजव्या हाताचा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर), वय 22. फास्टबॉल ताशी 95-96 मैल, स्लायडर चांगला वळतो. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे प्लेटवरच्या झोनमध्ये पडलेले किंवा बॅटरचे हुकलेले चेंडू, की बॅटर बाद) भरपूर, पण दर 9 इनिंग्जमागे सहाच्या वर वॉक (चार चेंडू झोनबाहेर गेले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर). सिंगल-ए मध्ये (एक पायरी खाली) हाच आकडा चारच्या आत होता. चुकलेले फास्टबॉल बहुतेक वर आणि उजव्या बॅटरच्या अंगाकडे जातात. बेसवर रनर आला की आणखी बिघडतं. "मोकळा हो, स्ट्राइक टाक" यापलीकडे त्याला कुणी काही सांगत नाही. सुरुवात कुठून करावी? वेग कमी करणं हा उपाय आहे का? आणि हे यिप्स (मानसिक कारणाने अचानक नेमच जाणं) नाही ना, ते कसं ओळखायचं?

उत्तर: माउंड_मापक

आधी कोपर आणि खांदा. कोपराच्या आतल्या लिगामेंटवर ताण येऊ लागला की बऱ्याचदा वेग घटण्याआधी कंट्रोल जातो. ट्रॅकमॅनच्या (चेंडू मोजणाऱ्या रडारच्या) आकड्यांत चेंडू सुटण्याची उंची महिन्याभरात खाली सरकली आहे का, शेवटच्या इनिंगमध्ये वेग जास्त उतरतो का, हे बघा. "दुखतंय का?" एवढंच विचारून भागत नाही. बढतीची वाट बघणारा पोरगा नाहीच म्हणणार. ट्रेनरकडून नीट तपासणी करून घ्या.

तिथे सगळं ठीक निघालं तर चुका कुठे पडतात त्यावरून कारण शोधायचं. थोडा हिशोब: रबरपासून (माउंड या मातीच्या उंचवट्यावर पिचर पाय टेकवतो ती पट्टी) प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत 60 फूट 6 इंच. चेंडू सुटतो रबरच्या साधारण 6 फूट पुढे. म्हणजे प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत उरले 53 फूट. एवढ्या अंतरात सुटण्याची दिशा 1 अंशाने चुकली की चेंडू 11 इंच बाजूला जातो. प्लेट 17 इंच रुंद, म्हणजे मधोमध नेम धरला तरी कडेपर्यंत साडेआठ इंचच. हा फरक डोळ्यांनी नेम धरून सुधारत नाही. पाय, कंबर आणि हात यांची वेळ जुळली तरच सुधारतो.

वर आणि हाताच्या बाजूला जाणारा चेंडू म्हणजे बहुधा हात उशिरा येतोय. तिसऱ्या बेसच्या बाजूने व्हिडिओ घ्या, सेकंदाला निदान 240 फ्रेम. पुढचा पाय पूर्ण टेकतो ती फ्रेम थांबवा. चेंडू तोवर डोक्याच्या उंचीच्या आसपास यायला हवा. तो अजून कोपराच्या खाली असेल तर शरीर पुढे गेलं आणि हात मागे राहिला. मग हात घाईने ओढला जातो आणि चेंडू लवकर सुटतो. ग्लोव्हकडचा खांदा पाय टेकायच्या आधीच पहिल्या बेसकडे वळत असेल तरी हेच होतं. (याउलट चेंडू खाली आणि ग्लोव्हच्या बाजूला गेला तर तो बहुधा उशिरा सुटतोय, तिथे उपाय वेगळा.)

उपाय साधा: हात ग्लोव्हमधून लवकर बाहेर काढायचा. गुडघा वरून खाली यायला लागतो, त्याच क्षणी हात सुटे व्हायला हवेत. एका वेळी एवढी एकच सूचना द्या. खांदा, गुडघा, मनगट सगळं एकदम सांगितलं की पोरगा माउंडवर विचार करत उभा राहतो.

रनर आल्यावर बिघडतं, याचंही मूळ बहुधा हेच. रनरने पळत पुढची बेस चोरू नये म्हणून पाय न उचलता सरकवला की पाय लवकर टेकतो आणि हाताला वेळच मिळत नाही. गुडघा थोडा उचलू द्या. एखादी बेस चोरीला गेली तर जाऊ दे, वॉकने तरी कोणता फायदा होतो?

आणखी एक, याकडे फारसं कुणी बघत नाही: माउंडवरचा खड्डा. समोरच्या टीमच्या पिचरचा पाय जिथे टेकतो तिथे दुसऱ्या इनिंगपर्यंत खळगा पडतो. आपला पाय त्याच्या कडेवर पडला की घोटा वळतो आणि खांदा उघडतो. इनिंगच्या सुरुवातीला पायाने माती ओढून खळगा बुजवायचा आणि दाबायचा. तरीही पाय कडेवरच येत असेल तर रबरवर तीन-चार इंच बाजूला उभं राहायचं.

उत्तर: बुलपेन_दोरी

वरच्याशी सहमत. सरावाबद्दल थोडं सांगतो.

मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार सहा सामने आणि सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे स्टार्टरची पाळी बहुधा आठवड्यातून एकदा येते. मधल्या दिवसांत 30 पिचचा एक बुलपेन (सामन्याबाहेरचा सराव) पुरे. त्यात प्लेटवर दोऱ्या बांधा. डॉजर्स संघाचे तेव्हाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी संघाच्या व्हेरो बीचच्या शिबिरात हेच केलं होतं आणि आजही याहून स्वस्त साधन नाही. 6 फुटी बॅटर धरला तर खालची दोरी जमिनीपासून साडेएकोणीस इंचांवर, वरची साडेअडतीस इंचांवर, आणि दोन उभ्या दोऱ्यांत अंतर 17 इंच.

पहिले 10 फक्त फोर-सीम (साधा सरळ फास्टबॉल). कॅचरने मधोमध बसायचं, कडेला अजिबात नाही. पुढचे 12 काउंट (आधी झोनबाहेरचे चेंडू, मग स्ट्राइक) सांगून: 1-0 ला स्लायडर, 2-1 ला फास्टबॉल, मग चेंजअप (मुद्दाम संथ टाकलेला चेंडू). एकच पिच सलग दोनदा नको. एकाच पिचचा घोळ घालत राहिलं की बुलपेनमध्ये छान दिसतं आणि सामन्यात उरत नाही. शेवटचे 8 स्ट्रेचमधून (बेसवर रनर असताना टाकायची आखूड पद्धत).

प्रत्येक पिच नोंदवा: दोरीच्या आत, फूटभराच्या आत चुकलेली, त्याहून लांब गेलेली. आधी तिसरा आकडा खाली यायला हवा. बॅटर बॅट फिरवायचा विचारही करत नाही, असे चेंडू तेच असतात. दोरीच्या आत पडणाऱ्यांचं प्रमाण नंतर वाढतं.

काही जण 5 औंसच्या नेहमीच्या चेंडूबरोबर 4 आणि 6 औंसचे मिसळून टाकायला देतात, म्हणजे हात दर वेळी जुळवून घ्यायला शिकतो. उपयोग होतो, पण मोसमाच्या मध्यात कमी संख्येनेच.

उत्तर: जुनी_स्कोअरशीट

वेग कमी करण्याबद्दल. मायनर लीगचा प्रचंड वेगवान पिचर स्टीव्ह डाल्कोवस्कीने 1960 मध्ये स्टॉकटनकडून 170 इनिंग्जमध्ये 262 स्ट्राइकआउट घेतले आणि वॉकही 262 दिले. 1962 मध्ये एल्मायरा संघात मॅनेजर अर्ल वीव्हर यांनी त्याला फक्त फास्टबॉल आणि स्लायडर ठेवायला सांगितलं, आणि फास्टबॉल सरळ मधोमध टाकायला. वॉक उतरले 160 इनिंग्जमध्ये 114 वर. डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्सला 1961 च्या वसंत शिबिरात कॅचर नॉर्म शेरी यांनी जोर थोडा सोडायला सांगितलं. 1960 मध्ये 175 इनिंग्जमध्ये 100 वॉक होते. 1961 मध्ये 255 हून जास्त इनिंग्जमध्ये 96, आणि स्ट्राइकआउट 269.

दोन्हीकडे वेग मारला गेला नाही. शेवटचा जोर लावण्याची ओढाताण थांबली आणि पर्याय कमी झाले. या पिचरने 94 वर दोन इनिंग टाकून बघावं. चुका तिथेच पडल्या तर जोराचा प्रश्न नाही, वेळेचा आहे.

यिप्सची खूण वेगळी. रिक अँकीलने 2000 च्या प्लेऑफमध्ये एकाच इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच (कॅचरलाही अडवता न येणारे चेंडू) टाकल्या. स्टीव्ह ब्लास 1972 मध्ये 19 सामने जिंकला आणि 1973 मध्ये 88 इनिंग्जमध्ये 84 वॉक देऊन बसला. अशा वेळी चुकांना दिशाच राहत नाही: एक मागच्या जाळीवर, पुढचा मातीत. कधी पहिल्या बेसकडचा साधा थ्रोसुद्धा जमत नाही. तुम्ही सांगता त्या चुका एकाच कोपऱ्यात जातात, म्हणजे हा यांत्रिक दोष वाटतो. यिप्स असले तर माउंडवर जास्त पिच टाकून बरं होत नाही, क्रीडा मानसतज्ज्ञ लागतो. याच त्रासाने बाहेर गेलेला डॅनिएल बार्ड 2013 नंतर थेट 2020 मध्ये रॉकीजकडून मोठ्या लीगमध्ये परतला, तेव्हा घाईही करू नये.

उजवा_फास्टबॉल

व्हिडिओ बघितला. पाय टेकतो तेव्हा चेंडू खरंच कोपराच्या खाली आहे. स्लायडर मात्र झोनमध्ये पडतो. मग 1-0 ला तोच टाकावा का?

उत्तर: माउंड_मापक

हो, हात जागेवर येईपर्यंत नक्की. पण मधोमध टाकायचा. कडेवर टाकायला गेलात तर 2-0 होईल आणि फास्टबॉलवर यावंच लागेल. हात लवकर काढण्याचा सराव आधी निम्म्या जोराने, सपाट जमिनीवर, 45 फुटांवरून. माउंडवर दोन बुलपेन झाल्यावरच सामन्यात आणा, आणि त्या सामन्यात वॉक किती झाले ते बघू नका. फूटभराहून लांब किती गेले तेवढंच मोजा.