मदत हवी आहे : जी४१ बोर्डावर ४ जीबीची नेमकी कोणती रॅम चालते?

मंडळी, बाबांचा जुना पीसी अजून ठणठणीत आहे. कोअर २ ड्युओ ई७५००, इंटेल जी४१ चिपसेट, रॅमचे दोनच स्लॉट आणि दोन्हींत १-१ जीबी. ब्राउझरमध्ये तिसरा टॅब उघडला की मशीन हातपाय गाळतं.

मदरबोर्डाचं मॉडेल सांगता येत नाही. जिथे ते छापलंय नेमका तिथेच कुणीतरी वॉरंटीचा स्टिकर चिकटवला होता, तो खरवडताना अक्षरंही गेली. जी४१ बोर्ड डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन्ही प्रकारांत यायचे, म्हणून सीपीयू-झेड (पीसीतल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघितलं : डीडीआर३, ५३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे डीडीआरच्या दुपटीच्या हिशोबाने १०६६.

एका दुकानातून ४ जीबी डीडीआर३ १६०० आणली. खाचेत बरोबर बसली, पण स्क्रीन काळीच, नुसती बीप बीप. इरेझरने पिना पुसल्या, स्लॉट बदलला, बायोसचा सेल काढून पुन्हा घातला. काही नाही. जुन्या पट्ट्या लावल्या की लगेच चालू!

मग निरखून पाहिलं तर नव्या पट्टीवर एकाच बाजूला ८ चिप. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट, म्हणजे एकेक चिप ४ गिगाबिटची, आणि जी४१ला २ गिगाबिटपर्यंतच्याच ओळखता येतात असं वाचलं. मग दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपवाली, १.५ व्होल्टची घेतली तर नक्की चालेल ना? अशा दोन लावून ८ जीबी कुणी प्रत्यक्ष वापरलीय का? ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्यांवर ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं असतं, हा पीसी इंटेलचा, त्यामुळे त्या अर्थातच नकोत. दुकानदार पट्टी बदलून देतोय, पण परवापर्यंतच.