कंपनीच्या विकीत नवं पान कोणाला काढू द्यायचं?

टेरी_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस सांभाळतो. बिलं, टॅली, अडकलेला प्रिंटर, सगळं माझ्याच गळ्यात. एका जुन्या पीसीवर मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) टाकून दिलंय. डाइंगच्या म्हणजे रंगाईच्या रेसिपी, लूमचं (मागाचं) सेटिंग, कोणत्या पार्टीला कसलं पॅकिंग, असं सगळं त्यात असतं.

लॉगिन असेल त्याला नवं पान काढता येतं. त्यामुळे नेव्ही ब्ल्यूची तीन पानं झाली: ‘नेव्ही’, ‘नेव्ही ब्ल्यू नवीन’ आणि ‘नेव्ही फायनल २’. पहिल्या पानावर मीठ किलोत लिहिलेलं, तेही जुन्या लहान मशीनच्या हिशोबानं. रात्रपाळीनं नेमकं तेच उघडून मोठ्या मशीनला लावलं. मीठ कमी पडलं, रंग नीट चढला नाही, लॉट फिक्का. मालक म्हणतात, "आजपासून फक्त तू लिहायचं." अहो, मला सोडा ॲश कधी टाकतात तेही माहीत नाही! माहिती डाइंग मास्तरांकडे आणि लूम सांभाळणाऱ्या जॉबरकडे. त्यांचं लिहिणं बंद केलं की विकीत माझ्या पॅकिंगच्या याद्याच उरतील. मधला रस्ता आहे का?

विकीकर:
आहे. लिहू सगळ्यांना द्या, मुख्य जागेत आणायचं मोजक्यांनी.

‘मसुदा’ नावाचं वेगळं नामविश्व (नेमस्पेस, म्हणजे पानांचा वेगळा कप्पा) करा, तिथं कोणीही पान काढू दे. मग मीडियाविकीच्या लोकलसेटिंग्ज फाइलमध्ये नेमस्पेस प्रोटेक्शन वापरून मुख्य नामविश्वाला एक खास हक्क लावा आणि तो हक्क फक्त ‘तपासनीस’ गटाला द्या. मास्तर मसुदा लिहितील, तपासनीस बघून तो मुख्य नामविश्वात हलवतील. बाकीच्यांना हलवता येत नाही, कारण नव्या जागीही संपादनाचा हक्क लागतो. मुख्य पानात चूक दिसली तर चर्चा पान सगळ्यांना उघडंच असतं.

क्रिएटपेज (नवं पान काढायचा) हा हक्क सरसकट काढायचा झालाच तर एक ध्यानात ठेवा. मीडियाविकीत गटांचे हक्क बेरजेनं मिळतात. फक्त अनामिकांचा (लॉगिन न केलेल्यांचा) काढलात तर लॉगिनवाल्यांना ‘युझर’ गटातून तो मिळतच राहतो. दोन्हीकडे बंद करावा लागतो.

इंग्रजी विकिपीडियानंही 2018 पासून थेट लेख काढायला खातं किमान 4 दिवसांचं आणि 10 संपादनं अशी अट घातली, पण मसुद्याचं दार नवख्यांना उघडं ठेवलं.

गिरणीतला_जुना:
तपासनीस कोण, हे आधी ठरवा राव. रेसिपी डाइंग मास्तरांनीच पास करायची. ऑफिसातल्या माणसानं ‘ओके’ दाबलं तर ती नुसती सही झाली. आयएसओ 9001:2015 या गुणवत्तेच्या मानकाच्या कलम 7.5 मध्ये कागदपत्राची तपासणी आणि मंजुरी येते. ऑडिटर आला की पहिलं विचारतो, ‘हे कोणी मंजूर केलं?’

आणि डाइंग खात्यात सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन तर नाही ना? ‘शिफ्ट’ नावानं तिघं लिहीत असतील तर पानाचा इतिहास कशाला चाटायचाय?

टेरी_सोलापूर:
आहे की! ‘डाइंग१’ नावाचं एकच, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. आजच वेगवेगळी करतो.

अडचण मास्तरांचीच. बोलणं तेलुगूत, टायपिंगचा कंटाळा. व्हॉट्सॲपला व्हॉइस मेसेज टाकतात, "अरे, लिहून घे." शिवाय एका एक्स्पोर्ट पार्टीच्या शेडची (रंगछटेची) रेसिपी बाकीच्यांना दिसू नये असं मालकांचं म्हणणं. तेवढं पान लपवता येईल का?

विकीकर:
लपवायला मीडियाविकीच्या भरवशावर राहू नका. पानागणिक वाचनबंदीसाठी ते बनवलेलंच नाही, कुठून ना कुठून मजकूर बाहेर येतो. त्या पार्टीसाठी वेगळी विकी उभी करा, नाहीतर बुकस्टॅक हे दुसरं विकी सॉफ्टवेअर बघा. फुकट आहे आणि पुस्तकागणिक कोण बघणार, कोण पान काढणार, कोण बदलणार हे वेगवेगळं ठरवता येतं.

गिरणीतला_जुना:
मास्तरांच्या हाताखाली एखादं शिकाऊ पोरगं असेलच. मसुदा त्यानं टाईप करायचा, मास्तरांना वाचून दाखवायचा, मग मास्तरांनी स्वतःच्या लॉगिननं हलवायचा. मीठ ग्रॅम पर लिटरमध्येच लिहायला लावा, किलोत लिहिलेला मसुदा सरळ परत.

टेरी_सोलापूर:
पोरगं आहे, तेलुगू आणि मराठी दोन्ही येतं त्याला. नेव्हीची तिन्ही पानं उद्या मास्तरांपुढं ठेवतो. ते ठेवतील ते मुख्य, बाकी दोन्हींवरून तिकडं पुनर्निर्देशन, म्हणजे जुनं नाव उघडलं तरी मुख्य पानच येईल. बुकस्टॅक दिवाळीनंतर बघू, आत्ता डिस्पॅचची घाई हाय.