मदत हवी आहे: केल्विन प्रोबचं रीडिंग सरकतंय

नमस्कार मंडळी. मी बेळगावात केमिस्ट्रीत पीएचडी करतोय. प्लॅटिनमच्या पत्र्यावर कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडेशन चालू असताना वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) कसं बदलतं, ते केल्विन प्रोबने (नमुन्याला न टेकता, जवळ धरलेल्या कंप पावणाऱ्या टोकाने ते मोजणारं उपकरण) बघायचंय. ऑक्सिजन पृष्ठभागावर बसला की प्लॅटिनमचं वर्क फंक्शन वाढतं, म्हणजे रिअ‍ॅक्शन चालू असतानाच वर काय साचलंय याचा अंदाज येतो. हाय व्हॅक्यूमही लागत नाही. कागदावर सगळं झकास!

पण प्रोब सांगतो तो फक्त त्याचं टोक आणि नमुना यांच्या वर्क फंक्शनमधला फरक. माझं टोक सोन्याचं. गॅस बदलला की तेही थोडं बदलणारच, मग मी मोजलं कुणाचं? त्यात आपला पावसाळा. खानापूरकडून ढग आले की गॅस न सोडताही रीडिंग सरकतं. हवेत ओल इतकी, की ती शोषायला ठेवलेली, सकाळी निळी (कोरडी) असलेली सिलिका जेल दुपारी गुलाबी (ओली).

सोन्याऐवजी ग्रॅफाइटचं टोक कुणी वापरलंय का? की सेल बंद करून कोरडा नायट्रोजन सोडत राहू? आणि नमुना 200 अंशांवर असताना टोक किती लांब ठेवता? धारवाड-कोल्हापूरकडे कुणाचा चालू सेटअप असेल तर येऊन बघतो. नवं टोक मागवायचं तर बिल मंजूर होईतो दिवाळी उजाडेल, म्हणून आधी विचारतोय.