‘पुरे’ म्हणायला श्रद्धा लागते, असं माझं म्हणणं आहे

उधाणवारा (उत्तन)

सध्या मासेमारी बंद आहे. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या, जाळी विणणं-सांधणं चालू, आणि बोलायला भरपूर वेळ. पण बोलणं एकाच गोष्टीचं: कोणी केवढी बोट बांधायला टाकली, कोणी सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं, कोणाच्या लग्नाला ड्रोन होता. उत्तन, चौक, पाली असो की वसईचं पाचूबंदर, ख्रिस्ती कोळ्यांच्या सगळ्या गावांत हेच ऐकू येतं.

गेल्या पिढीपेक्षा आमच्याकडे सगळं जास्त आहे. बोटी मोठ्या, बर्फ जास्त, डिझेल जास्त, जीपीएस आहे, फिश फाइंडर आहे. आणि समाधान मात्र वडिलांच्या वेळेपेक्षा कमी आहे. मोठी बोट आली की मोठं कर्ज येतं, कर्ज फेडायला लांब जावं लागतं, लांब गेलं की डिझेल वाढतं, आणि मग जाळ्याचा आस (भोकाचा आकार) बारीक होतो, कारण मिळेल ते उचलावंच लागतं. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. त्याच पापलेटची कोवळी पिल्लं आपण टोपल्यांनी बाजारात ओततो. त्यांनी एकदा अंडी घातली असती तर पुढच्या वर्षी आपल्यालाच मिळाली असती. हे बोट चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाला कळतं. तरी जाळं बदलत नाही, कारण शेजारचा बदलत नाही.

माझं म्हणणं असं की ‘एवढं पुरे’ हे बाजार कधीच सांगणार नाही, बँक सांगणार नाही, आणि पोट तर मुळीच सांगणार नाही. ते मला चर्चमध्ये शिकायला मिळालं. बायबलमध्ये प्रेषित पौल फिलिप्पैकरांना (फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना) लिहितो, ‘ज्या स्थितीत मी आहे तिच्यात मी संतुष्ट राहण्यास शिकलो आहे.’ हे त्याने बंदिवासातून लिहिलंय. आणि ‘शिकलो आहे’ म्हणतोय, म्हणजे ते त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यालाही वेळ लागला. आपण रोज म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. त्यात वर्षभराचा साठा मागितलेला नाही. रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोजचं अन्न, म्हणजे मान्ना, मिळाला तेव्हाही ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले.

आमच्या घरची बोट रविवारी बाहेर जात नाही. डोळीला (भरती-ओहोटीच्या ओढीवर लावायच्या जाळ्याला) उधाणच, म्हणजे पुनव-अमावास्येची मोठी भरती, लागतं, भांगात (मधल्या दिवसांतल्या कमी भरतीत) काही मिळत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल की उधाणातला रविवार सोडणं किती जड जातं. पण त्या एका दिवसाने मला शिकवलं की समुद्रात मासे असताना मी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाऊन घरी जेवू शकतो आणि जग बुडत नाही. हे श्रद्धेशिवाय मला जमलं नसतं. तुमचं काय मत?

दर्यावर्दी

उधाणवारादादा, मनापासून लिहिलंयत, म्हणून मीही मनापासून विरोध करतो.

तुमची स्वतःची बोट आहे. रविवार सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवता. तुमच्या बोटीवरचा खलाशी ठरवतो का? त्याला मासळीच्या हिश्श्यावर पैसे मिळत असतील तर तुमच्या रविवारात त्याचंही नुकसान झालं. तुमच्या समाधानाचं बिल त्याने भरलं.

मी मर्चंट नेव्हीत आहे. घरचे म्हणायचे, जे आहे त्यात सुख मान. मानलं असतं तर तौक्तेनंतर आमचं घर उभं राहिलं नसतं. मे २०२१ मधलं ते वादळ आठवा, त्याच्या आदल्या जूनमध्ये रायगडला निसर्ग धडकलं होतं. होड्या फुटल्या, छपरं गेली. त्या वेळी माझ्या खात्यात पैसे होते ते मला ‘आणखी हवं’ असं वाटलं म्हणून. ज्याच्याकडे साठा नसतो त्याला रोजची भाकर मागून भागत नाही, त्याला व्याजाने पैसे काढावे लागतात.

समाधान ही ऐपतीचीच गोष्ट आहे. पोट भरल्यावर माणूस तिला श्रद्धेचं नाव देतो.

प्रभुकृपा (रत्नागिरी)

मला दोघांचंही पटलं नाही. देवाने आपल्याला कमी घ्यायला सांगितलंच नाही. अब्राहाम श्रीमंत होता, इसहाकाला शेतात शंभरपट पीक मिळालं. येशू म्हणतो की मेंढरांना जीवन मिळावं, आणि ते विपुल मिळावं, म्हणून मी आलो. आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. प्रार्थना केली, दशांश (कमाईचा दहावा भाग) चर्चला दिला, आज स्वतःचं घर आहे. ही माझी साक्ष आहे. मोठी बोट मागणं पाप कसं? देणारा मोठा असताना आपण लहान का मागायचं?

उधाणवारा

प्रभुकृपाताई, तुमच्या घराबद्दल देवाचे आभार, खरंच. पण त्याच वेळी, तेवढीच प्रार्थना करून आणि दशांश देऊन ज्यांना घर मिळालं नाही, त्यांना काय सांगायचं? त्यांचा विश्वास कमी पडला? आमच्या गावात वादळात बुडालेले लोक प्रार्थना करणारेच होते. पौलाला त्याच्या ‘शरीरातल्या काट्यातून’, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासातून, सुटका मिळाली नाही, त्याने तीनदा मागितली. त्याला ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. आणि विपुल जीवनाबद्दल जो बोलतो त्याला स्वतःला डोकं टेकायला जागा नव्हती, हेही त्यानेच सांगितलंय.

दर्यावर्दी, खलाशाचा मुद्दा मला लागला. त्यावर सविस्तर लिहितो.

वेंगुर्लेकरीण

माका ह्यां पटणा नाय. का, ते सांगते.

मी नर्स आहे, प्रोटेस्टंट घरातली. वेंगुर्ल्यात मिशनच्या हॉस्पिटलमुळे आमच्याकडच्या मुली फार आधी नर्सिंगला गेल्या. त्या गेल्या कारण त्यांना जास्त हवं होतं: शिक्षण, पगार, स्वतःच्या नावावर पासबुक. त्यांनी ‘ज्या स्थितीत आहे तिच्यात’ समाधान मानलं असतं तर आज मी ड्युटीवर नसते.

‘समाधान मान’ हे वाक्य मी आयुष्यात कोणाला ऐकवलेलं ऐकलंय? बायकांना. नवरा पितो, समाधान मान. मुलगा नाही, समाधान मान. माहेरच्या जमिनीत वाटा मागू नको, प्रभू पाहतो आहे. वॉर्डमध्ये बायका येतात, हिमोग्लोबिन इतकं खाली की चालताना धाप लागते, आणि विचारलं की म्हणतात, देवाच्या दयेने सगळं बरं आहे. मला त्या वाक्याची भीती वाटते.

आणि तुमचे धर्मातले थोर पुरुष सगळं वाटून मोकळे होतात, तेव्हा घर कोण चालवतं? ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. हातात आलेलं देऊन टाकायचे ते, आणि उद्याची चूल कशी पेटायची याचा घोर लक्ष्मीबाईंना.

करंजाळी (दापोली)

टिळकांचं नाव निघालं म्हणून लिहितो. ते आमच्या बाजूचे. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात त्यांचा जन्म. मी हिंदू आहे, वारकरी घरातला, आणि माझा आक्षेप वेगळा आहे. समाधानासाठी ख्रिस्ती श्रद्धाच हवी असं धाग्यातून निघतंय. टिळक स्वतः सांगायचे की ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले. मग त्या पुलावरच थांबलेल्या आमच्यासारख्यांचं काय? तुकोबा धन जोडू नका असं म्हणत नाहीत. ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी’ म्हणतात. नीट मार्गाने कमवा आणि जीव न गुंतवता खर्च करा. दर्यावर्दींची नोकरीही यात बसते.

दुसरं, कोकणी माणूस समाधानी असतो असं बाहेरचे कौतुकाने म्हणतात, ते मला पटत नाही. इथली घरं मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनीऑर्डरवर चालली. १९८२ चा संप झाला आणि तो पैसा आटला तेव्हा गावोगाव काय झालं ते आमच्या वडिलधाऱ्यांना विचारा. नाइलाजाला समाधान म्हणण्याची आपल्याला सवय आहे.

वाडीतला (वसई)

एकच भर. वसईत बिल्डर आणि इथलं पाणी उपसून नेणारे टँकर आले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली. ते प्रवचनात समाधान शिकवत होते आणि रस्त्यावर उतरत होते, दोन्ही एकाच वेळी. म्हणजे वेंगुर्लेकरीणताई म्हणतात तसं समाधान म्हणजे गप्प बसणंच, हे आम्ही पाहिलेलं नाही. पण हेही खरं, की तीच प्रवचनं ऐकून पुढच्या बाकावरच्या लोकांनीही केळीच्या आणि फुलांच्या वाड्या विकल्या. मुलांची शिक्षणं होती, वाटण्या होत्या, आणि भावही असा की नको म्हणवेना. त्यांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उधाणवारा

आता सविस्तर.

वेंगुर्लेकरीणताई, तुमचं लिहिणं मी घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, बाईंचं बरोबर आहे, आता तुम्ही काय उत्तर देता बघू.

पौलाने समाधानाचं ते पत्र फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलं. त्याच शहरात आधी त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल गुपचूप निघाला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, उघडपणे मारलंत आणि आता चोरून घालवता? स्वतः या आणि बाहेर काढा, असं त्याने कळवलं. आणि ते आले. प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात आहे. समाधानाचं पत्र वाचताना फिलिप्पैच्या लोकांना हा माणूस आठवत असणार. त्यामुळे ज्या बाईला नवऱ्याचा मार खाऊन समाधान मान म्हणून सांगतात, तिला पौलाचं नाव घेऊन ते सांगण्याचा कोणालाही हक्क नाही. आपल्यावर होणारा अन्याय सोसणं, आणि दुसऱ्याकडे आहे म्हणून मलाही हवं ही आग शांत होणं, या दोन गोष्टी आमच्या प्रवचनांत फार वेळा एकत्र कालवल्या गेल्या. मुलींना शिकायचं होतं, ते मी लोभात धरतच नाही. याकोबाच्या पत्रात तर मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते, असं लिहिलंय. त्यामुळे दर्यावर्दी, माझ्या खलाशाचा रविवार मी समाधानाच्या नावाखाली कापू शकत नाही. त्याचा त्या दिवसाचा पैसा बोटीच्या खात्यातून गेला पाहिजे. या हंगामापासून तसा जाईल.

करंजाळीदादा, समाधान फक्त ख्रिस्ती माणसालाच मिळतं असं मी म्हणत नाही. तुकोबांच्या ओळीपुढे मी हात जोडतो. मला ते कुठून मिळालं एवढंच सांगतोय. माझ्यासाठी ते मन आवरण्यातून आलं नाही, मला मन आवरता येतच नाही. माझी किंमत बोटीच्या लांबीवर ठरत नाही हे मला कोणीतरी क्रुसावरून सांगितलं, त्यामुळे ते आलं. आमच्याच वसईचा संत गोन्सालो गार्सिया बघा. व्यापारात बस्तान चांगलं बसलं होतं, ते सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेला. त्याला कोणी व्यापार सोड म्हणून सक्ती केली नव्हती. त्याला त्याहून मोठं काही सापडलं.

दर्यावर्दी

खलाशाच्या पैशाचं म्हणालात ते आवडलं, पण त्याने माझाच मुद्दा सिद्ध होतो. हिशेब नीट झाला की समाधान येतं. पापलेटचंही तेच. किमान आकाराचा नियम २०२३ मध्येच झालाय. तो पाळायला लावा, बाजारात पिल्लं घेणाऱ्यावर दंड लावा. प्रवचनाने जाळ्याचा आस मोठा झालेला मी कुठे पाहिला नाही.

उधाणवारा

नियम आहे आणि तो रोज मोडतोय, हे तुम्हालाही माहीत आहे. पहाटे बंदरावर दंड करायला कोण उभं असतं? सगळे मोडत असताना पहिला जो मोठ्या आसाचं जाळं टाकेल त्याला त्या वर्षी तोटा होणार. तो पहिला माणूस कायद्यातून येत नाही. तोटा झाला तरी माझं काही हरवत नाही असं ज्याला आतून वाटतं, तोच तसं करेल. आणि तो एकटा पडू नये म्हणून मंडळी, म्हणजे चर्चमधली आपली माणसं, असते. सुरुवातीच्या मंडळीत कोणी गरजवंत नव्हता, कारण ज्यांच्याकडे होतं ते आणून देत होते. आमच्या चर्चमध्ये होड्यांना आशीर्वाद मागायला सगळे एकत्र येतात. त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून आसाचं ठरवावं, आणि ज्याला झळ बसेल त्याचा हप्ता बाकीच्यांनी उचलावा, असं मी मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मांडणार आहे.

प्रभुकृपा (रत्नागिरी)

हप्ता बाकीच्यांनी उचलायचा, हे मला आवडलं. आमच्या संगतीत असं कोणी करत नाही. आम्ही फक्त ज्याला मिळालं त्याची साक्ष ऐकतो. तरी देवाकडे मोठं मागणं मी सोडणार नाही.

वेंगुर्लेकरीण

पौलाचं फिलिप्पैचं उदाहरण मी आमच्या महिला मंडळात वाचणार आहे. माझी भीती त्याने गेलेली नाही. पुस्तकात काय आहे आणि पाळक घरी येऊन बायकांना काय सांगतात यात अंतर आहे, आणि ते तुमच्या माझ्या लिहिण्याने मिटणार नाही.

तुमच्या बैठकीबद्दल विचारते. पापलेटचं पिल्लू आणि मोठं पापलेट यांच्या दरात किती फरक पडतो ते तांडेलाला नाही, पाटी घेऊन बाजारात बसणारीला माहीत असतं. लग्नाला किती कर्ज काढलं तेही तिलाच माहीत असतं, कारण फेडताना दागिने तिचे जातात. होड्यांना आशीर्वाद मागायच्या दिवशी आसाचं ठरवणार म्हणता, तर त्या बैठकीत मासळी विकणाऱ्या बायका किती असणार, ते आधी सांगा. मग मी तुमच्या बाजूने बोलते.