चबसाठी बारीक माशी कशाला?
वर एकांनी म्हटलंय की छोट्या ओढ्यात चब आणि ट्राउट, गोड्या पाण्यातल्या या दोन्ही माशांना एकच बारीक कोरडी माशी (गळावर बांधलेला, पाण्यावर तरंगणारा नकली किडा) पुरते. ट्राउटपुरतं मान्य, चबच्या बाबतीत अजिबात पटत नाही. चबचं तोंड पाहा केवढं असतं! इंग्लंडमध्ये ऐन उन्हाळ्यात तो विलोच्या झाडाच्या झुकलेल्या फांद्यांखाली, वरून काय पडतंय याची वाट बघत सावलीत थांबतो. तिथे दहा नंबरच्या, म्हणजे जरा मोठ्या गळावर बांधलेला फोमचा काळा भुंगा टाकावा, आणि तोही अलगद नको, 'टप्' आवाज झालाच पाहिजे. त्या आवाजावर चब वळतो, माशीच्या मागेमागे येतो, निरखतो आणि मग ते पांढरं तोंड उघडतं. या क्षणी काठी उचलायची घाई करू नका, तोंड मिटून त्याला खाली वळू द्या. अर्थात त्याआधी प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून जाणं आलंच. तुमची सावली पाण्यावर पडली की अख्खा थवा दिसेनासा होतो.

तारखांचा मुद्दा अजून कुणी काढलेला दिसत नाही. तिथल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून चबच्या मासेमारीला बंदी असते, पण ट्राउटचा हंगाम बहुतेक ठिकाणी त्याच काळात सुरू होतो. त्यामुळे मे महिन्यात ट्राउटच्या माशीला चब लागला, तर हात ओले करून, शक्यतो पाण्यातच गळ काढा आणि लगेच सोडून द्या. फोटोसाठी तर मुळीच थांबू नका, तेव्हा त्यांचा विणीचा काळ असतो.